वर्किंग हॉलिडे व्हिसाची सीट कोणीही ‘कन्फर्म’ करून देऊ शकत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फॉरवर्ड होतोय, की ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा (तिथे फिरता फिरता काम करू देणारा) 35 वयापर्यंत मिळतो, दहावी पास चालतं, बायकोमुलांना नेता येतं, दोन वर्षांत पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना, होतो आणि आजच पैसे भरले तर सीट कन्फर्म. यातलं असा व्हिसा आहे एवढंच खरं.

आधी सीटचं बोलू, कारण पोरांचे पैसे तिथेच जातात. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, त्यात आपल्याला वर्षाला 1000 जागा मिळाल्या, या व्हिसाच्या सबक्लास 462 नावाच्या प्रकारात. या जागांसाठी नावं ड्रॉने, म्हणजे सोडतीने निघतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ड्रॉसाठी पहिल्यांदा नोंदणी उघडली तर दोन आठवड्यांतच 40 हजारांच्या आसपास नावं आली! नावं कॉम्प्युटर काढतो, आधी भरलं, मार्क चांगले आहेत, एजंट मोठा आहे, कशानेच चान्स वाढत नाही. नोंदणीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास, आणि ती इमीअकाउंटवर, म्हणजे ऑस्ट्रेलिया सरकारच्या व्हिसाच्या ऑनलाइन खात्यावर, स्वतः भरता येते. आता विचार करा, एखाद्याने शंभर जणांकडून पैसे घेतले तर दोन-तीन जणांचं नाव असंही निघणारच, मग त्यांचेच फोटो लावून पुढच्या वर्षीची जाहिरात होते, आणि बाकीच्यांबद्दल कोणी विचारत नाही.

35 वय कॅनडा, फ्रान्स, आयर्लंड, इटली अशा काही देशांच्या लोकांना आहे. आपल्याला 18 ते 30. दहावीवर तर नाहीच, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली तर सरासरी 4.5, आणि खात्यात साधारण 5000 ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. मुलं अजिबात नेता येत नाहीत, नवराबायको दोघांना जायचं असेल तर दोघांची नावं वेगवेगळी निघायला हवीत. नाव निघालं की 28 दिवसांत खरा अर्ज, त्याची फी 2025 च्या जुलैपासून 670 डॉलर, आणि पहिला अर्ज करताना तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असायला हवं.

पीआरचं म्हणाल तर हा व्हिसा 12 महिन्यांचा आहे, एका मालकाकडे साधारण सहाच महिने काम, शिक्षण जास्तीत जास्त चार महिने. शहराबाहेरच्या ठरलेल्या भागात शेती वगैरे ठरलेलं काम तीन महिने केलं तर दुसरं वर्ष मागता येतं, त्यानंतर सहा महिने केलं तर तिसरं, पण त्यातून पीआर आपोआप होत नाही, त्याचा रस्ता पूर्ण वेगळा. आणि मालकाने भरलेलं सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखी निवृत्तीची रक्कम, परत येताना काढलं तर त्यातला 65 टक्के टॅक्स कापतात, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

ज्यांनी ऑलरेडी पैसे दिलेत त्यांनी आपल्या नावाने नोंदणी झाल्याचा पुरावा एजंटकडे आजच मागा. एका माणसाची एका ड्रॉमध्ये एकच नोंदणी चालते, त्यामुळे तो पुरावा बघितल्याशिवाय स्वतः दुसरी करायला जाऊ नका.