घरीच होतीस ना, मग काय केलंस?

"आठवडाभर घरी होतीस, काय काय उरकलंस मग?" आता पुन्हा कोणी हे विचारलं तर मी खरंच ओरडणार आहे. आठवडाभराच्या रजेत काहीही उरकलं नाही. झोपले. उठले, वरणभात खाल्ला, परत आडवी झाले. माळा तसाच आहे. फॉलबिडिंगला द्यायच्या साड्या पिशवीतच आहेत. दाढ भरायची राहिली, बँकेचं केवायसी राहिलं, पीएफला नॉमिनी टाकायचा राहिला. यादी मीच लिहून फ्रिजला लावली होती, आणि अगदी मनापासून लावली होती.

पण ही यादी एवढी लांबली कशी, हे कोणी विचारत नाही. बँक उघडायच्या आधी मी डोंबिवलीहून लोकलमध्ये चढलेली असते आणि बंद होते तेव्हा ऑफिसात. शनिवारी जावं, तर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी 2015 पासून बँका बंद आणि बाकीच्या शनिवारी आमचं ऑफिस चालू. दातांचा डॉक्टर रात्री आठला शटर ओढतो, तेव्हा मी ठाण्याच्या अलीकडे गर्दीत चेंगरलेली असते. वर्षभर असं काढल्यावर रजेच्या पहिल्याच सकाळी टुणकन उठून मी माळ्यावर चढावं? कुठल्या जोरावर? अंगात काही उरायला नको का?

आणि ती झोप तरी कुठे धड मिळाली! "घरीच आहेस ना." शेजारच्यांचं पार्सल घेऊन ठेव, घरीच आहेस ना. प्लंबर येतोय, जरा टाकीपाशी थांब, घरीच आहेस ना. नणंदेच्या मुलाला क्लासला सोड, गॅसवाला येईल तेव्हा ओटीपी सांग. नवऱ्याने मे महिन्यात रजा घेतली आणि सोफ्यावर पडून सगळे सामने बघितले, तेव्हा सासूबाईंपासून सगळे म्हणत होते, "दमलाय बिचारा, पडू दे त्याला." तो पडला तर दमलेला आणि मी पडले तर आळशी? मीही तीच लोकल पकडते, वर दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यात ऑफिसचे फोन. "सॉरी हं, फक्त दोन मिनिटं." ती शीट कुठे आहे, त्या पार्टीला मेल गेला का. फोन दोन मिनिटांत संपतो, पण पुढची अख्खी दुपार डोक्यात ऑफिसच फिरत राहतं. मग ती दुपार माझ्या रजेत का धरायची?

रजा ही कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट लिहिलंय, वर्षात 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. म्हणजे एकेका दिवसासाठी वीस-वीस दिवस आधी राबून झालेलं आहे. त्या दिवसात मी काय करून दाखवलं याचा हिशेब परत कोणाला आणि का द्यायचा? याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि ती मिळायला 1890 उजाडलं. एका रविवारासाठी सहा वर्षं! आणि आता? 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 तासांवर गेले, रविवारीही कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत वाटते म्हणे. त्यांच्या घरी गॅसवाल्यासाठी कोण थांबतं, केवायसीच्या रांगेत कोण उभं राहतं, हेही त्यांनी एकदा सांगावं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि खासगी ऑफिसांमधली कामाची मर्यादा रोज 9 तासांवरून 10 वर न्यायला मंजुरी दिली. हा वाढलेला तास कुठून काढणार? माझ्या झोपेतूनच ना?

राहिलेली रजा मी घेणार आहे. फोन बंद असेल. दार उघडणार नाही. पार्सल वॉचमनकडे ठेवा, आणि प्लंबर आला तर टाकीपाशी सेक्रेटरींनी थांबावं.