मांजरं काय, आपोआप होतात

आत्या आली की आमच्या मागच्या खोलीत डोकावते आणि म्हणते, "एवढं काय करता गं तुम्ही? मांजरं काय, आपोआप होतात." यावर वाद घालता येत नाही, कारण ते खरंच आहे. जगभर मांजरं आपोआप होतात. माळ्यावर होतात, बंद पडलेल्या गाडीखाली होतात, ज्यांना नको असतात त्यांच्या जुन्या गाद्यांवर तर हमखास होतात. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, इतकी मांजरजात या बाबतीत तत्पर. होत नाहीत ती फक्त आमच्या कॅटरीत. इथे हीटर आहे, थर्मामीटर आहे, तपासण्यांचे दाखले आहेत, भिंतीवर आखलेलं वेळापत्रक आहे. त्या वेळापत्रकाप्रमाणे मी आणि नवरा वागतो.

कॅटरी म्हणजे ती मागची खोली आणि तिच्यातल्या तीन पर्शियन माद्या. बोका आम्ही ठेवत नाही. वयात आलेल्या बोक्याने भिंतीवर मारलेल्या फवाऱ्याचा वास ज्याने घेतलाय त्याला कारण सांगावं लागत नाही. ज्याने घेतलेला नाही त्याला सांगून कळत नाही.

म्हणजे स्थळ बाहेरचं बघणं आलं. बोक्याचं रूप नंतर, आधी कागद. पाच पिढ्यांची वंशावळ उघडायची आणि आपल्या जोसेफीनचा आजोबा तिकडूनही डोकावत नाही ना, ते बघायचं. (तो डोकावतोच. त्या काळी सगळ्यांना तोच बोका आवडत असावा.) मग मूत्रपिंडाचा दाखला. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं. २००४ साली तो दोष नेमका सापडला, आणि आता गालाच्या आत काडी फिरवून प्रयोगशाळेत पाठवली की उत्तर मिळतं. काडी फिरवणाऱ्याच्या बोटांचं काय झालं, हे लिहायला फॉर्मवर रकाना नसतो.

मग रक्तगट. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी. आई बी आणि पिल्लं ए गटाची निघाली, तर आईचा चीकच त्यांना बाधतो. त्यातली प्रतिद्रव्यं पिल्लांच्या तांबड्या पेशी फोडतात. अशी जोडी जमवलीच, तर पहिले १६ ते २४ तास पिल्लं आईच्या दुधापासून लांब ठेवून हाताने पाजायची. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्स या जातींची मांजरं पाळणाऱ्यांना ही धास्ती जास्त, कारण त्यांच्याकडे बी गट बराच आढळतो. माळ्यावरच्या मांजरीने यातलं काही म्हणजे काही विचारलेलं नसतं.

सगळं जुळलं की जोसेफीनने माजावर यायचं. माजावर आलेली मांजर ओरडते हे पुस्तकात असतं. किती ओरडते हे शेजाऱ्यांना माहीत असतं. खालच्या मजल्यावरचे काका एकदा रात्री वर येऊन काळजीने विचारून गेले, "बाळाला डॉक्टरांकडे नेलंत का?" आमच्याकडे बाळ नाही हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर अजून जिन्यात भेटते.

तर अशी आठवडाभर लोळून, विव्हळून, आमची झोप उडवलेली ही मांजर टोपलीत घालून बोक्याच्या घरी न्यावी, तर टोपलीचं दार उघडताच तिचा माज उतरतो. चेहऱ्यावर भाव असा, की आपल्याला इथे का आणलंय? बोका बिचारा गळ्यातून गाणी काढत जवळ येतो आणि कानाखाली खातो. बोक्याची मालकीण आणि मी दाराबाहेर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत एक कान आत ठेवतो. जाणकार लोक त्या खोलीत उंचावर एक फळी ठोकून ठेवतात. ती बोक्यासाठी. कार्यभाग उरकला की त्याच क्षणी त्याने फळी गाठायची असते, कारण मादी किंचाळून वळते आणि पंजा चालवते. मांजरीचं बीज सहसा समागम झाल्याशिवाय सुटत नाही, आणि एकदा जमलं म्हणून सुटेलच असंही नाही. म्हणून मुक्काम दोन-तीन दिवसांचा. परत आणताना बोक्याच्या नाकावर दोन ओरखडे जास्त असतात आणि आपण 'छान स्वभाव आहे हो तुमच्या बोक्याचा' म्हणून निघतो.

पुढे ६३ ते ६५ दिवस. बाळंतपणासाठी आम्ही खोका तयार करतो: कडा उंच, तळाशी मऊ कापड, एका कोपऱ्यात ऊब. जोसेफीन त्याचा वास घेते, आत जाऊन एक फेरी मारते आणि नवऱ्याच्या कपाटातल्या खालच्या खणात, इस्त्रीच्या कपड्यांवर व्यायला बसते. वेळ अर्थात रात्रीची. शिवाय पर्शियन मांजरीचा चेहरा इतका चपटा, की पुष्कळदा तिला दातांनी नाळ नीट तोडता येत नाही. मग आम्ही दोऱ्याने बांधून कापायची. नवरा दिवसभर ऑफिसात हिशेब बघतो आणि रात्री गुडघ्यावर बसून, तोंडात टॉर्च धरून, वार पडली का ते मोजतो. जितकी पिल्लं तितक्या वारा जमल्या पाहिजेत. कमी भरल्या तर एखादी आत राहिली की आईने खाल्ली, यावर पहाटे तीनला आमचं भांडण होतं.

पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं. रोज १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे, म्हणून रोज वजन. काट्यावरच्या वाटीत ते ठेवलं की काटा ९८ दाखवतो, १३० दाखवतो, मग पिल्लू वाटीबाहेर आणि काटा शून्यावर. वहीत आम्ही यातला मनाला पटेल तो आकडा लिहितो.

आता मांजरांच्या प्रदर्शनाकडे वळायचं, तर पिल्लं सुटी होईतो आईचा कोट झडून गेलेला असतो. छातीवरची आयाळ, शेपटीचा झुपका, सगळं सोफ्यावर. म्हणजे पिल्लं हवी असली तर रूप नाही, रूप हवं तर पिल्लं नाहीत, आणि प्रदर्शनाची तारीख नेमकी या दोन्हींच्या मध्ये. महिनोन्‌महिने थांबून कोट परत भरला, की नाव नोंदवायचं. नोंदणीतलं नावही भारदस्त लागतं. आमचीचं 'मूनलिट एम्प्रेस जोसेफीन'. पुकारा झाला की चार माणसांनी माना वळवल्या पाहिजेत.

आदल्या दिवशी आंघोळ. पर्शियन कोट मुळात तेलकट, शेपटीच्या मुळाशी तर फारच. आधी तेल काढायचं, मग शाम्पू, मग पुन्हा शाम्पू, मग पातळ केलेला कंडिशनर, आणि मग धुणं, धुणं, धुणं. ओला केस चिमटीत धरून ओढला की करकर वाजला पाहिजे. नाही वाजला तर पहिल्यापासून. भिजल्यावर मांजर उरतच नाही; दोन रागीट डोळे आणि त्यांना जोडलेली ओली दोरी उरते. नवरा धरतो, मी धुते, जोसेफीन आम्हां दोघांच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार करते. मग ड्रायर. एका हाताने वारा, दुसऱ्या हाताने मुळापासून विंचरत, केस न् केस सुटा. पोटाखाली तळहाताएवढी जागा ओली राहिली तर तिथले केस वळतात, आणि परीक्षकाला नेमके तेवढेच दिसतात.

डोळे वेगळे पुसावे लागतात. चपट्या चेहऱ्यात अश्रुनलिका मुरडली जाते, म्हणून पाणी गालावर उतरतं. नाक डोळ्यांच्या रांगेपर्यंत वर चढवण्याची जी हौस काही लोकांना आहे, ती मला कधीच पटलेली नाही. मांजराला श्वास घ्यायला नाक लागतं. बक्षीस घ्यायला ते अडचणीचं ठरत असेल तर बक्षिसाचं काहीतरी चुकतंय. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं ते हॅरिसन वेअर या चित्रकाराने. लोकांनी मांजरांकडे जरा मायेने बघावं, ही त्याची इच्छा. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर पहिला अध्यक्ष झाला, आणि पुढे काही वर्षांत वैतागून बाहेर पडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांची ओढ जास्त, ही त्याची तक्रार. दर प्रदर्शनाआधी मला त्याचं म्हणणं पटतं आणि मी कंगवा शोधायला लागते.

प्रदर्शनात दिवसभर बसायचं आणि परीक्षकासमोर दोन मिनिटं. त्यांनी हात जंतुनाशकाने पुसले, जोसेफीनला उचलून लांब ताणलं, बाजूने चेहरा पाहिला, शेपूट पाठीवर मोजली, समोर पिसाची काडी नाचवली. जोसेफीनने जांभई दिली. "कोट उत्तम. कान किंचित मोठे." कान त्या आजोबांचे. मी वंशावळीत पाहिलं तेव्हाच मला शंका आली होती. तिसरा क्रमांक.

शेजारच्या पिंजऱ्यात घरगुती मांजरांच्या वर्गातला एक पट्टेरी बोका होता. या वर्गात वंशावळ लागत नाही आणि नाकाकानाची मापंही नसतात; तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव बघतात. एक कान फाटका, पोट सुटलेलं, आणि पिंजऱ्यावर पहिल्या क्रमांकाची फीत. तो पाठीवर पडून परीक्षकांच्या बोटाशी खेळला होता म्हणे. त्याचे मालक मनमिळाऊ गृहस्थ होते. बोका पावसात भिजत दाराशी आला आणि राहिला, एवढीच त्याची कथा. आंघोळ? "छे हो, ओल्या फडक्याने पुसला सकाळी."

मग त्यांनी जोसेफीनकडे कौतुकाने बघून विचारलं, "ही कुठे सापडली तुम्हाला?"

मी पिशवीतून फाइल काढली. त्यांनी पाच पिढ्या वरपासून खालपर्यंत मन लावून वाचल्या, पूर्ण नाव दोनदा पुटपुटून पाहिलं, फाइल परत दिली.

"पण घरात हाक काय मारता?"

मी मागे वळून पाहिलं. परीक्षक लांब होते.

"ठमी," मी म्हटलं.