डंपलिंग म्हणजे चकोल्या नव्हेत

पुण्यात थंडी पडली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डंपलिंगची, म्हणजे स्ट्यूच्या रश्शावर शिजवायच्या मैद्याच्या गोळ्यांची, एक रेसिपी फिरायला लागली. ‘स्ट्यूवरचे डंपलिंग म्हणजे आपल्या चकोल्याच. मैदा घट्ट मळा, अर्धा तास मुरवा, गोळे खळखळत्या रश्शात सोडा, हलवत राहा. सुएट (प्राण्याची चरबी) नसेल तर नादच सोडा. शिवाय पुणं उंचावर, त्यामुळे आतून कच्चेच राहतात.’ शेजारच्या वहिनींनी तंतोतंत तसंच केलं. गोळे इतके चिवट झाले की मुलांनी ताटातच ठेवले. एवढ्या निगुतीने केलेला स्ट्यू वाया गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

चकोल्यांची कणीक मळावीच लागते. ती लाटायची असते, कापायची असते आणि वरणात विरघळू द्यायची नसते. मळल्याने पिठाला ताण येतो. डंपलिंगला तोच ताण मारक, कारण त्याला फुगायचं असतं. १०० ग्रॅम मैद्यात चमचाभर बेकिंग पावडर, मीठ आणि फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं ५० ग्रॅम बटर किसून घाला. बोटांच्या टोकांनी मोकळं करा, गार पाणी थोडं थोडं शिंपडा आणि पीठ जेमतेम एकत्र आलं की थांबा. गोळा खडबडीत दिसतो, दिसू दे. मुरवायचं तर मुळीच नाही: पाणी लागताच बेकिंग पावडर कामाला लागते, तो वायू ओट्यावरच उडून जातो.

हलवणंही चूक. डंपलिंग खालून रश्शात शिजतं आणि वरून वाफेवर. रस्सा मंद उकळता ठेवा, लिंबाएवढे गोळे अंतर सोडून वर ठेवा, घट्ट झाकण लावा आणि २० मिनिटं उघडू नका.

सुएट म्हणजे गाईच्या किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतीची चरबी. इंग्लंडमध्ये ती घालतात आणि तिची चव वेगळी, हे खरं. पण अमेरिकेत डंपलिंग दूध-बटर घालूनही करतात.

उंचीचं म्हणाल तर पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मैद्यातला स्टार्च त्याच्या कितीतरी आधी शिजतो. गोळे कच्चे राहिले, तर आधी झाकणाकडे बघा.

२० मिनिटांनी एक गोळा मधोमध फोडा. आत इडलीसारखी जाळी दिसली, की वाढायला घ्या.