अंगणातलं अर्धं काँक्रीट

“आता पावसावरही कर!” पुण्यातल्या सहकारनगरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात हे वाक्य एका दिवसात पंधरा-वीस जणांनी लिहिलं. निमित्त झालं एका निवृत्त इंजिनिअर काकांचं. पावसाळी गटारांचा खर्च मिळकतकरातून न काढता, ज्याने जितकी जमीन फरशी-काँक्रीटखाली घातली असेल त्या प्रमाणात वेगळा आकारावा, एवढंच त्यांनी सुचवलं होतं. काकांना कुणी पुढे बोलूच दिलं नाही. मी कॅनडात टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागाहून त्यांच्या बाजूने चार ओळी लिहिल्या, तर माझ्या सख्ख्या दादाने सगळ्यांदेखत लिहिलं, “तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.”

हे मला लागलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

मी राहते त्या शहरात हा आकार जानेवारी २०१६ पासून आहे. पील रीजन, म्हणजे आमच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या पाण्याच्या बिलात त्याची एक ओळ असते. पाऊस किती पडला याच्याशी त्या ओळीचा काही संबंध नाही; तिथे बघतात ते छप्पर. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून घरांचे पाच गट पाडलेत. सगळ्यांत लहान छपराला अर्धं एकक, सगळ्यांत मोठ्याला १.७. एक एकक म्हणजे २६७ चौरस मीटर, इथल्या सरासरी घराची छप्पर-ड्राइव्हवे मिळून पाणी न जिरणारी जागा. सुरुवातीला एका एककाला वर्षाचे १०० डॉलर होते. मॉल, गोदामं, कारखाने यांची मात्र प्रत्यक्ष जागा मोजतात, आणि त्यांनी आपलं पाणी आपल्या आवारात अडवलं-जिरवलं तर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

यात अन्याय कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं. पुण्यातला मिळकतकर वार्षिक करपात्र मूल्य बघतो. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं मूल्य भरपूर असतं, पण गच्चीतला त्याचा वाटा चादरीएवढा. त्याच्या शेजारी एकमजली शोरूम आणि पुढे एकरभर डांबरी पार्किंग असेल, तर गटारात पाणी कोण ओततं? नळाच्या पाण्यावरून आकारलं तरी तेच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पावसाळी पाण्याचा खर्च पूर्वी पाण्याच्या मीटरवरून वसूल व्हायचा. नुसत्या पार्किंगच्या जागांना मीटरच नसायचा, त्यामुळे त्या काही भरत नव्हत्या. २०१० पासून तिथे मोठ्या मालमत्तांना जमीन आणि त्यातला झाकलेला भाग बघून बिल यायला लागलं, तेव्हा कुठे हा भार पार्किंगवाल्यांवर आला. आधी तो इतर सगळे उचलत होते आणि कुणाला कळतही नव्हतं.

दादाने लगेच बातमी टाकली: १६ जुलै २०२४, टोरांटोच्या विमानतळावर एका दिवसात ९७.८ मिलिमीटर पाऊस, मिसिसागात बेसमेंटं पाण्यात. “पैसे भरून हेच ना?” हो, हेच. त्या दिवशी आमच्याकडेही बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाशेजारी आम्ही दोघं बादल्या घेऊन बसलो होतो. टोरांटोने त्याच वर्षी असा वेगळा आकार लावायचा विचार केला, तर ‘रेन टॅक्स’ म्हणून जगभर थट्टा झाली आणि त्यांनी माघार घेतली. म्हणजे पुणेकरांसारखीच माणसं इथेही आहेत, हे मी मान्य करते. पण मिसिसागातल्या कुक्सव्हिल क्रीक या ओढ्याला २००९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मिसिसागा कामाला लागलं, आणि पैसा कुणाकडून किती घ्यायचा हा प्रश्न त्याने टाळला नाही. आपण तो टाळतो. पर्जन्यजल संधारण केलं की पुण्यात मिळकतकरात ५ टक्के सवलत आहेच. ते न करता सगळं आवार झाकून टाकणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

मला सारखा पुण्यातल्या आंबिल ओढ्याचा पूरच आठवतो. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. इथे दुपार होती, मी कामावर होते, आणि फोनवर एकामागून एक व्हिडिओ येत होते. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. ज्यांची घरं वाहून गेली त्यांची छपरं ती केवढी! चार-पाच पत्रे. काकांच्या हिशेबाने त्यांना जवळपास काहीच भरावं लागलं नसतं. वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हाला लागलं असतं. ओढ्यात अतिक्रमणं झाली, पाऊस बेसुमार होता, हे सगळं खरं. पण तळजईच्या उतारावरच्या आमच्या गल्ल्यांतून एके काळी पाणी रेंगाळत खाली जायचं, आता ते धावत जातं.

आमच्या अंगणात पारिजातक होता, तांबडी माती होती. शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन त्या चिखलातून मी घरात शिरायचे आणि आई ओरडायची. २०१४ च्या पावसाळ्यात बाबा तिथे घसरून पडले. दादा म्हणाला, काँक्रीट करून घेऊ, गाडीही आत येईल. मी लगेच अर्धे पैसे पाठवले. तेव्हा मला वाटलं, लांब राहूनही मी बाबांसाठी काहीतरी केलं. पारिजातक काढला, हे मला नंतर कळलं.

साधारण ९०० चौरस फूट जागा आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर चार हजार लिटरच्या वर पाणी. गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार टाक्या एकदम उपड्या कराव्यात, तसं ते फाटकाखालून रस्त्यावर जातं आणि तिथून खाली ओढ्याकडे. त्या रात्रीही गेलं असणार.

कॅनडाचं नागरिकत्व घेतल्यापासून पुण्यात माझं मत नाही. ग्रुपवरही आता मला “परदेशातल्या ताई” म्हणतात, आणि माझ्या बोलण्याला तेवढीच किंमत असते. पण बाबा गेल्यावर मिळकतकराच्या बिलावर दादाचं आणि माझं अशी दोन नावं लागली आहेत. दादाने विचारलं होतं, तुझा काय संबंध? दादा, अर्धं काँक्रीट माझं आहे. पावसाळी पाण्याचं बिल पुण्यात उद्या निघालं तर त्यातलं अर्धं मला पाठव. आणि फाटकाजवळचा पारिजातकाचा चौकोन फोडून घे, त्याचे सगळे पैसे मी देते.