चार्ज होतो म्हणजे केबल चांगली? फोन-कॉम्प्युटरच्या त्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, बागाईतदारांचा ग्रुप, कुठेही बघा, तो पोचलेला असतो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: फोन कॉम्प्युटरला जोडल्यावर आतले फोटो दिसत नसतील, पण चार्जिंग होत असेल, तर केबल चांगली आहे आणि दोष फोनमध्ये आहे. मग यूएसबी डीबगिंग चालू करा आणि तसंच राहू द्या. विंडोजमध्ये फोनचा ड्रायव्हर (फोन ओळखायला लागणारा छोटा प्रोग्राम) नसतो, तो खालच्या लिंकवरून घ्या. केबल पुढच्या निळ्या पोर्टलाच लावा. आयफोन असेल तर नाद सोडा. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून चालू करा. तरी जमलं नाही तर पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून फॅक्टरी रिसेट मारा, १०० टक्के चालतं.

मी सीबीएसजवळ, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात बसतो. कोर्टात, कलेक्टर कचेरीत कामाला आलेली माणसं, मुक्त विद्यापीठाचे अर्ज भरणारी पोरं, सगळ्यांना फोनमधलं काही ना काही कॉम्प्युटरवर घेऊन छापायचं असतं. त्यामुळे हा मेसेज वाचून आलेलं गिऱ्हाईक मला लगेच कळतं. त्यातला बंद करून चालू करण्याचा सल्ला बरोबर आहे, त्याने अडकलेलं बरंच काही सुटतं. बाकीचं एकेक करून बघू.

पहिला मुद्दा चार्जिंगचा, कारण पुढची सगळी चुकीची वाट तिथूनच फुटते. केबलचं कॉम्प्युटरकडचं चपटं टोक उजेडात धरा. आत सोनेरी पट्ट्या दिसतील. साध्या केबलला त्या चार असतात: कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. निरखून बघितलं तर कडेच्या पट्ट्या तोंडाकडे जरा पुढे आलेल्या असतात आणि मधल्या जरा मागे असतात. हे मुद्दाम केलेलं आहे, प्लग घालताना आधी वीज जुळावी आणि मग माहिती. म्हणून प्लग पूर्ण बसला नसेल तर चार्जिंग चालू होतं, पण फाइलींचा पत्ता नसतो. आणि स्वस्तातल्या केबलमध्ये तर मधल्या दोन तारा घातलेल्याच नसतात. ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक यांच्याबरोबर येणाऱ्या वीतभर केबली बऱ्याचदा याच जातीच्या. त्यांनी फोन रात्रभर चार्ज करा, एक फोटो पलीकडे जाणार नाही. पट्ट्या दिसतात म्हणून तारा आहेत असंही समजू नका.

ओळखायची सोपी खूण फोनमध्येच आहे. अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडला की वरून खाली ओढायच्या पडद्यावर यूएसबीची सूचना यायला हवी. ती आलीच नाही, फक्त बॅटरीचं चिन्ह हललं, तर फोनला समोर कॉम्प्युटर आहे हेच कळलेलं नाही. त्याला तो चार्जर वाटतोय. अशा वेळी आधी केबल बदला, मग कॉम्प्युटरचं पोर्ट बदला, मग फोनच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातल्या कापडाचे तंतू आणि धूळ मिळून तळाशी घट्ट थर बसतो, रोज चार्जर खुपसून आपणच तो दाबत जातो. फोन बंद करायचा, लाकडी टूथपिकने कडेकडेने हलक्या हाताने तो थर सोडवायचा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नाही. बाहेर निघालेला कापूस बघून लोक चकित होतात. त्यानंतर केबल घातली की ती आधीपेक्षा मिलिमीटरभर आत जाते आणि खट् करून बसते.

आता मेसेजमध्ये जे मुळीच नाही, आणि माझ्या काउंटरवर जे सगळ्यात जास्त लागतं, ते. साधारण २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन कॉम्प्युटरला जोडला की तो सुरुवातीला फक्त चार्जिंगवर असतो. आतलं काही दाखवायचं का, हे मालकाने सांगायचं असतं. फोन हरवला आणि कुणीतरी तो कॉम्प्युटरला लावला तर सगळं उघडं पडू नये म्हणून ही सोय आहे. गिऱ्हाईक मात्र फोन लॉक करून माझ्या हातात देतं आणि म्हणतं, 'घ्या, काढा फोटो.' काका, आधी लॉक उघडा. मग तो वरचा पडदा खाली ओढा, 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' असं काहीतरी दिसेल, त्यावर बोट ठेवा आणि फाइल ट्रान्सफर निवडा. संपलं. कॉम्प्युटरवर फोनचं नाव दिसतंय पण उघडल्यावर आत रिकामं आहे, हाही बहुतेक वेळा याच परवानगीचा मामला असतो. केबल काढली की फोन पुन्हा चार्जिंगवर जातो, त्यामुळे पुढच्या वेळी परत तेच करायचं.

'पूर्वी असं नव्हतं' ही तक्रार खरी आहे. जुने अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखे दिसायचे, पण तेवढा वेळ ती मेमरी फोनला स्वतःला वापरता यायची नाही. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) या फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीवर आलं. जुन्या पद्धतीत गोदामाची किल्लीच गिऱ्हाइकाच्या हातात जायची, एमटीपीत माल काउंटरवरून मागायचा. फोन आणि कॉम्प्युटर दोघांचं काम चालू राहतं, पण हजारो फोटोंचं फोल्डर उघडायला वेळ लागतो. हिरवी पट्टी सरकतेय तोवर थांबा. त्या मिनिटभरात केबल उपटून पुन्हा लावणारे लोक रोज भेटतात.

आणखी एक जागा जिथे फोन हकनाक बदनाम होतो. फोन उघडला, कॅमेऱ्याचे फोटो दिसले, पण 'व्हॉट्सॲपचं फोल्डर गायब झालंय.' गायब नाही, हललंय. अँड्रॉइड ११ पासून ते 'अँड्रॉइड' फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप' अशा वाटेवर असतं.

दुसरा मुद्दा यूएसबी डीबगिंग. ही सोय ॲप बनवणाऱ्यांसाठी आहे. ती चालू ठेवली आणि समोरच्या कॉम्प्युटरला एकदा परवानगी दिली, की तो कॉम्प्युटर तुमच्या फोनमध्ये ॲप टाकू शकतो, काढू शकतो, बरंच काही वाचू शकतो. माझ्यासारख्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ही परवानगी का द्यायची? शिवाय डीबगिंग सेटिंगच्या ज्या यादीत असतं ते 'डेव्हलपर ऑप्शन' चालू दिसले तर काही बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात, मग माणूस बँकेला शिव्या घालत बसतो. फोटो घ्यायला डीबगिंग लागत नाही. तरी 'मी केलं आणि चाललं' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. डीबगिंगचं बटण दाबलं की फोन यूएसबीची ओळख तोडून नव्याने करतो, आणि त्या नव्या ओळखीत कधी कधी अडकलेलं सुटतं. केबल काढून परत लावल्यानेही तेच होतं. गंमत म्हणजे त्याच यादीत उपयोगाची एक गोष्ट आहे, केबल लावल्यावर फोनने आपसूक काय करायचं ते ठरवणारी 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन'. मेसेजवाल्याला नेमकी तीच दिसली नाही.

तिसरा मुद्दा ड्रायव्हर. फाइली घेण्यापुरता एमटीपीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. अपवाद विंडोजच्या 'एन' आवृत्तीचा. तिच्यात मीडियाचे भाग काढलेले असतात, ते मायक्रोसॉफ्टचं मीडिया फीचर पॅक टाकून परत आणावे लागतात. बाकी ठिकाणी ड्रायव्हर बिघडला असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. फोनच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला तर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, केबल काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, केबल लावा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर परत बसवतं. अनोळखी लिंकवरून 'युनिव्हर्सल ड्रायव्हर' नावाची एक्सई फाइल उतरवून चालवणं म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंग आहे त्याचं दार उघडून देणं. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

निळ्या पोर्टचं: निळा रंग साधारणपणे यूएसबी ३ चा. तिथे फोन लावला तरी चालतो, काळ्याला लावला तरी चालतो. भरपूर फोन आतून अजून यूएसबी २ चेच आहेत, म्हणजे कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. पोर्ट कुठलंही निळं असलं तरी ते पळणार नाहीत. कॅबिनेटच्या पुढची पोर्टं आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर ढिली होते. मागची पोर्टं थेट बोर्डावर असतात. खात्री करायची तर मागे लावा.

आयफोन विंडोजला जोडता येतो. लॉक उघडून जोडला की 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' विचारतो, तिथे ट्रस्ट दाबून पासकोड टाकायचा. ॲपलने ही विचारणा २०१३ च्या आयओएस ७ पासून आणली. घाईत 'डोन्ट ट्रस्ट' दाबलं तर काही दिसत नाही. पुन्हा केबल लावायची, पुन्हा विचारतो. फक्त फोटो-व्हिडिओ दिसतात, बाकी फोल्डर दिसत नाहीत, तो बिघाड नव्हे. कॉपी अर्ध्यात एरर देऊन थांबत असेल तर आयफोनच्या फोटोंच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' खाली 'कीप ओरिजिनल्स' निवडा. फोटो वाटेत रूपांतरित करण्याच्या नादात तो अडखळत असतो.

आता तो १०० टक्केवाला उपाय. माणसाला फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर हवेत, आणि मेसेज त्याला ते फोटो पुसायला सांगतोय. रिसेट फोनमधलं सगळं साफ करतो. केबलच्या न घातलेल्या तारा तो घालत नाही, पोर्टमधला कापूस काढत नाही, आणि कॉम्प्युटरला तर त्याचा वाराही लागत नाही. नुकसान मात्र लगेच सुरू होतं. व्हॉट्सॲपच्या गप्पा शेवटच्या बॅकअपपर्यंतच्या मिळतात, बॅकअप नसेल तर तेवढ्याही नाहीत. यूपीआयची सगळी ॲप पुन्हा सिमवरून नोंदवावी लागतात. बटणं दाबून केलेल्या रिसेटनंतर अँड्रॉइड फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा जुनं स्क्रीन लॉक मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून हे कुलूप २०१५ पासून आहे. आपल्याकडे पुष्कळांचं जीमेल फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. मग स्वतःच्याच फोनबाहेर उभं राहायची वेळ येते. निफाड-दिंडोरीकडचा एखादा बागाईतदार छाटणीपासूनचे बागेचे फोटो फोनमध्ये ठेवून असतो, फवारणीच्या नोंदीही फोटोतच. ते गेल्यावर परत कुठून काढायचे?

ज्याला आजच्या आज फोटो हवेत आणि केबल दाद देत नाही, त्याने केबल सोडून द्यावी. गूगलचं क्विक शेअर, म्हणजे केबलशिवाय फाइली पाठवायची सोय, विंडोजवरही चालतं. टाइप-सी पेनड्राइव्ह थेट फोनला लागतो. व्हॉट्सॲप वेबनेच पाठवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. द्राक्षाच्या पानावरचा रोग डाउनी आहे की भुरी हे शेतीच्या सल्लागाराला दिसेनासं होतं.

एवढं करून चांगल्या केबलनेही दोन वेगळ्या कॉम्प्युटरांवर फोन दिसलाच नाही, तर चार्जिंगच्या जॅकवर संशय घ्यायचा. बऱ्याच फोनमध्ये तो जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, दुकानदार त्याला सीसी बोर्ड म्हणतात. तो बदलायला फोन पुसावा लागत नाही, हे एम. जी. रोडवर दुरुस्तीच्या काउंटरला फोन देतानाच सांगून ठेवा. आणि हलक्या प्रतीच्या बोर्डावर चार्जिंग चालतं पण डेटा चालत नाही, म्हणून पैसे देण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरला लावून एक फोटो कॉपी करून बघा.