खुलासा : 'अर्धं जायफळ घ्या, झोपेची गोळी आजच सोडा' हा मेसेज चुकीचा आहे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या फिरतंय : कामाच्या ताणाने झोप उडाली असेल तर रोज अर्धं जायफळ दुधातून घ्या, गोळ्या लगेच बंद करा.

बागेतलं जायफळ म्हणून ते निर्धोक वाटतं. पण घरची रीत सहाणेवर एक-दोन वेढे उगाळण्याची आहे, अर्धं किसण्याची नव्हे. एक जायफळ साधारण ५ ग्रॅमचं किंवा थोडं जास्त भरतं, आणि एवढ्यानेही विषबाधा होऊ शकते : उलट्या, छातीत धडधड, भ्रम, भास. परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून 'लागू पडलं नाही' समजून माणूस पुन्हा घेतो.

त्याहून घातक दुसरा सल्ला. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या नियमित घेऊन एकदम थांबवल्या तर झोप आणखी उडते, घबराट वाढते, क्वचित आकडीही येते. डोस डॉक्टरच हळूहळू, कित्येक आठवड्यांत उतरवतात.

आंबा हंगामात पहाटेपर्यंत पेट्या भरणाऱ्याला असे उपाय सुचवण्यापेक्षा त्याचं ऐकून घ्या. उठायची वेळ रोज एकच ठेवायला, दुपारनंतरचा चहा टाळायला सांगा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसावं. महिनाभर असंच चाललं तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर मात्र थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.