एका संध्याकाळी बारा कोटी लिटर पाणी वाचवा

तर राजेहो, नागपूरचं पाणी वाचवायला धरणं-बिरणं काही लागत नाही, एक एक्सेल शीट अन् दोन कप चहा पुरते. पहिले लोकसंख्या टाका, २०११ च्या जनगणनेची, २४,०५,६६५. जुनी आहे तर राहू द्या, असा सुटा आकडा दिसला की घरोघरी जाऊन मोजल्यासारखं वाटते. मग शॉवर बंद केला म्हणून माणशी ५० लिटर वाचले असं धरा अन् करा गुणाकार, रोजचे १२,०२,८३,२५० लिटर. शेवटचे २५० खोडू नका हां, लोकांचा विश्वास त्यांच्यावरच बसते. आता कोणी म्हणन का आमची अख्खी गल्ली बादलीनं आंघोळ करते, वीस लिटरच्या बादलीतून पन्नास लिटर वाचतात कसे, तर अशा माणसाले मीटिंगचा निरोपच देऊ नका.

मग टक्के. आंघोळीत ५०, फ्लशमध्ये ४०, भांड्यात ३०, सरळ बेरीज मारा, १२० टक्के. म्हणजे आता प्रत्येक घरातून रोज थोडं पाणी उलट पेंच धरणाले, जिथून ते शहरात येते तिथंच, जाईन. फ्लशची जुनी टाकी दहा-बारा लिटरची, नवी तीन अन् सहा लिटरची, दोन बटणांची, ती साऱ्या शहरानं एका रात्रीत बसवली अन् जो तो लहान बटणच दाबते असं धरून चाला (आमच्याकडचे पाहुणे दोन्ही बटणं एकदम दाबतात, पण पाहुण्यांचा कॉलम कोण करते).

खरी कला आहे ती तुलनेत. आधीचा वापर मे महिन्याचा घ्या, जेव्हा पारा ४५ वर असते अन् कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाईप सोडावा लागते, आणि नंतरचा घ्या ऑगस्टचा, जेव्हा कूलर माळ्यावर गेलेले असतात. फरक पडला तो तुमच्या ‘पाणी वाचवा’च्या पोस्टरमुळं, असं सांगा. अन् २०१९ चा जुलै हाती लागला तर सोनंच, पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण आटलं होतं, नळ एक दिवसाआड येत होते, म्हणजे जे पाणी आलंच नाही तेही आपणच वाचवलं, हो की नाही?

मीटरच्या आधी पाईपातून जे गळते त्याच्या नादी लागू नका, त्याले समजावून सांगता येत नाही. अन् स्वतःच्या कूलरचा हिशोब तर शीटमध्ये टाकायचाच नाही, घरी राहायचं आहे ना.

एवढं करूनही कॉलनीत एखादा निघतेच, का बाबा आधी दहा घरांचे मीटर लिहून काढू, मग तोट्या बदलू, मग पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच मीटर पुन्हा पाहू, अन् पाऊस, पाहुणे, कपात वजा करून काय उरते ते सांगू. त्याले लगेच गणपतीच्या वर्गणीवर लावून द्या.